निळ्या बादलीचा फोटो

मी ज्याच्यासाठी लिहिते तो वाचक कधी प्रश्न विचारत नाही. शंका काढत नाही, डोकं खाजवत नाही, शेजारच्या टेबलावर जाऊन 'अहो, हे असंच आहे ना?' म्हणत नाही. वाचतो आणि कामाला लागतो. अशा वाचकासाठी लिहिणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. बावीस वर्षं मी बांधकामाच्या साइटवर कागद सांभाळले, सगळे मला फाईलवाली म्हणायचे. आता तीन वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत बसून एजंटसाठी लिहिते. आणि चांगलं लिहिते. खोटा विनय मला जमत नाही.

एजंट म्हणजे फ्लॅट दाखवत फिरणारा माणूस नव्हे. हे आमच्या ह्यांना पटवायला मला दोन आठवडे लागले. एजंट म्हणजे एक प्रोग्राम. त्याला म्हणायचं, 'उद्या या इमारतीत कोणती कामं सुरू करता येतील ते बघ आणि लावून दे.' मग बांधकाम सांभाळायच्या आमच्या सॉफ्टवेअरमधलं कुठलं टूल कधी उचलायचं ते तो आपलं आपण ठरवतो. एक टूल तपासण्या दाखवतं, एक नकाशे काढून देतं, एक आलेल्या मालाची नोंद करतं, एक थेट मुकादमाच्या फोनवर कामाचा आदेश धाडतं. अशी एक्केचाळीस टूल. प्रत्येकाखाली एक परिच्छेद असतो: हे काय करतं, कधी वापरायचं आणि कधी अजिबात हात लावायचा नाही. तो परिच्छेद मी लिहिते. एजंटाला साइट दिसत नाही, त्याच्या बुटाला सिमेंट लागत नाही. त्याला माझा परिच्छेद दिसतो, बस.

माझा वरिष्ठ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. त्याला मी मनातल्या मनात मोजपट्टी म्हणते, कारण प्रत्येक परिच्छेद एकशेवीस शब्दांच्या आत हवा हा त्याचा हट्ट. एजंट प्रत्येक वेळी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस परिच्छेद वाचून मग काम करतो, त्यामुळे लांबण लावली की तो भरकटतो. म्हणणं बरोबर आहे. पण एकशेएकविसावा शब्द दिसला की त्याच्या कपाळाला जी आठी पडते ती बघवत नाही.

सुरुवातीला आमची गंमतच झाली होती. चाचणीत एजंटाने चार ट्रक लोखंड 'आलं' म्हणून नोंदवून टाकलं, कारण ड्रायव्हरचा मेसेज होता, 'पोचलोच.' आता 'पोचलोच' म्हणणारा माणूस कुठे असतो हे कोणाला सांगायला हवं का? तो फाटकापासून निदान दोन तास लांब असतो आणि चहा संपलेला नसतो. मोजपट्टी दिवसभर प्रोग्रामात चूक शोधत बसला. मी त्या टूलखाली एक ओळ वाढवली: 'ड्रायव्हरच्या शब्दावर नोंद करू नका, फाटकावरची पावती असेल तरच करा.' एजंट सुधारला. त्या दिवसापासून मोजपट्टी मला नुसतं मॅडम न म्हणता 'मॅडम, जरा बघता का?' म्हणायला लागला.

ही गोष्ट एका गुरुवारची. सोमवारी एजंट पहिल्यांदा खऱ्या साइटवर उतरणार होता. सात मजली रुग्णालयाचं बांधकाम, चौथ्या मजल्यापर्यंत आलेलं. तिथली गुणवत्ता तपासनीस माझी सख्खी नणंद. हा योगायोग नव्हे. आमचं सॉफ्टवेअर त्या कंपनीत पहिल्यांदा आलं तेव्हा मी तिथेच होते, आणि तिला तिथे चिकटवलं ते मीच.

दुपारी शेवटची चाचणी लावली. साइटच्या सगळ्या नोंदींची नक्कल एजंटापुढे ठेवली आणि सांगितलं, सोमवारची कामं लाव. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. त्यात तिसऱ्या ओळीला होतं: 'तिसरा मजला, पश्चिम भाग. स्लॅबखालची सेंट्रिंग सकाळी आठ वाजता खोलावी. आवश्यक चौदा तपासण्या बंद आहेत, चौदाही तपासण्यांना फोटो जोडलेले आहेत. आदेश मुकादमाला पाठवला.' सेंट्रिंग म्हणजे ओला स्लॅब पेलणारे टेकू आणि फळ्या, आणि तपासणी 'बंद' म्हणजे ती झाली अशी नोंद. नक्कल होती, म्हणून खरा आदेश कुठे गेला नाही.

मोजपट्टी खूश झाला. "बघा मॅडम, चौदा तपासण्या कशा पटापट वाचल्या! माणसाला अर्धा दिवस लागला असता."

"बघू," म्हटलं मी आणि सवयीने एकेक फोटो उघडत गेले. सळ्या. जोड. टेकूंची रांग. लेव्हलचं यंत्र. मग काँक्रीटच्या ताकदीची तपासणी उघडली, जी झाल्याशिवाय टेकूला हात लावायचा नसतो. तिथे एक निळी बादली होती. कडेला चीर गेलेली, दांडीला तार गुंडाळलेली.

मला आधी हसू आलं. ती बादली मी ओळखत होते. मग हसू गेलं.

ती बादली नऊ वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशेजारी होती. साइट ऑफिसचं छत गळायचं, त्याखाली ठेवलेली. तेव्हा सॉफ्टवेअर नवीन होतं आणि दर गुरुवारी अकराच्या मीटिंगमध्ये किती तपासण्या बंद झाल्या याचा आकडा भिंतीवर झळकायचा. तपासनीस वर मजल्यावर, तिथे नेटवर्क नाही. कधी प्रयोगशाळेचा रिपोर्ट दुपारी यायचा. आणि फोटो जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर तपासणी बंद करू देत नव्हतं. पण कशाचा फोटो, हे ते बघत नव्हतं. हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं? माझ्या. मी फोन उचलला, बादलीचा फोटो काढला आणि म्हटलं, "हा लावा आणि मीटिंग काढा. संध्याकाळपर्यंत खरा फोटो आला पाहिजे, नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

आणि गाठ असायचीच. ज्या ज्या तपासणीवर बादली लावली तिची यादी माझ्याकडे असायची. रोज साडेपाचला मी एकेकाला फोन करायची, "बादली उचलली का?" खरी तपासणी करून खरा फोटो लावला असेल तरच समोरच्याने 'उचलली' म्हणायचं. नणंद तेव्हा नवीन होती. ती तर फोन उचलल्या उचलल्या 'उचलली' म्हणून ठेवून द्यायची, नमस्कार नाही की चमत्कार नाही. सहा वर्षांत एकही बादली रात्रभर राहिली नाही. मला त्याचा अभिमान होता. आज सांगताना जीभ जड होते, पण होता.

मग मी ती नोकरी सोडली. बादली तिथेच राहिली आणि साडेपाचचा फोन माझ्याबरोबर निघून गेला. हे माझ्या डोक्यात तीन वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

मी शोध लावला. त्या साइटवर बादलीचे एकसष्ट फोटो. दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या साइट सहज चाळल्या. एका ठिकाणी भिंतीवरचं घड्याळ होतं, त्रेचाळीस वेळा. दुसरीकडे कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल. म्हणजे मी काही जगावेगळं केलं नव्हतं. ज्याला त्याला आपापली बादली सापडली होती.

मोजपट्टीला बोलावून दाखवलं. त्याने घड्याळाकडे बघितलं, चपलेकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसला.

"ही त्या लोकांची वाईट सवय आहे, मॅडम. आपण सॉफ्टवेअर जसं आहे तसं लिहायचं. 'बंद' म्हणजे बंद."

"एजंट सॉफ्टवेअर वापरत नाही," म्हटलं मी, "लोकांनी वापरून ठेवलेलं सॉफ्टवेअर वापरतो. मुकादमाने बादली बघितली की तो टेकूला हात लावत नाही, आधी फोन करतो. कारण त्याला माहीत आहे. याला कोण सांगणार?"

"तुम्ही," तो म्हणाला. एवढा साधा शब्द, पण तो बोलला तेव्हा मला बरं वाटलं नाही. "पण मॅडम, हे लिहिलं तर उद्याच्या मीटिंगमध्ये त्यांचे प्रकल्पप्रमुख वाचणार. प्रत्येक टूलची माहिती त्यांच्या मंजुरीनेच लागते. ते विचारतील, बादली कोण लावतं?"

तपासणी बंद करणाऱ्याचं नाव प्रत्येक फोटोखाली छापलेलं असतं. एकसष्टच्या एकसष्ट फोटोंखाली माझ्या नणंदेचं नाव होतं. आणि पुढच्या आठवड्यात तिला गुणवत्ता प्रमुख करायचं जवळजवळ ठरलं होतं. नऊ वर्षं ती त्या पदासाठी झिजली. माझ्या परिच्छेदातली एक ओळ, आणि ते पद गेलंच म्हणून समजा. ओळ नाही लिहिली, तर सोमवारी आठला टेकू निघणार आणि त्या स्लॅबखालच्या खोल्यांत नळाचं काम करणारी सहा माणसं असणार.

ऑफिस सुटल्यावर मी सरळ तिच्या घरी गेले. दोन गल्ल्या सोडून राहते. दारातच तिचे सिमेंटने पांढरे पडलेले बूट होते. ती स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"या फाईलवाल्या बाई," ती म्हणाली. "आज न सांगता? दादाशी भांडलीस की काय?"

"तुझा दादा भांडायला घरी हवा ना. वन्सं, कामाचं बोलायचंय." तिला 'वन्सं' म्हटलेलं आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणते. त्या दिवशी मात्र सवयीने निघून गेलं. "तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या स्लॅबला, बादली आहे."

ती खळखळून हसली. "एकच? नीट बघ, प्रत्येक मजल्यावर सापडतील."

"एकसष्ट आहेत. मोजल्या मी."

मटार सोलणारा हात थांबला. "तू मोजल्यास?"

"सोमवारपासून एजंट काम लावणार. त्याला बादली म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे तपासणी झाली. मला ते लिहावं लागणार आहे."

माझी नणंद एरवी मला 'अगं' म्हणते. चिडली की 'अहो'वर येते, आणि मग घरातली भांडीसुद्धा गप्प होतात.

"अहो वहिनी," ती म्हणाली, "ती बादली कोणी आणली? मी नवीन होते, मला काही येत नव्हतं, तुम्ही माझ्या फोनमध्ये तो फोटो घातलात. 'हा ठेव, उपयोगी पडेल.' आता तुम्हीच वर बसून लिहिणार की या बाईने खोट्या तपासण्या केल्या?"

"खोट्या म्हटलं का मी?"

"मग काय म्हणणार? थोडक्यात लिहायचं असतं ना तुम्हाला? एकशेवीस शब्दांत मी चोर ठरणार, दुसरं काय?"

मला राग आला. माझा राग पटकन येतो, आणि त्या वेळी तो तिच्यावर नव्हताच, तरी निघाला तिच्यावरच. "अगं, मी रोज साडेपाचला फोन करायची! तू कोणाला करतेस?"

ती उठली, आत गेली आणि एक जाडी वही आणून टेबलावर आपटली. मटार इकडेतिकडे उडाले. "मला फोन करावा लागत नाही. मी लिहून ठेवते. बघा, एकेक बादली, तारीख, जागा. पाहून आले की काट मारते. फोटो बदलायला वेळ मिळत नाही, पण तपासणी झाल्याशिवाय मी काट मारत नाही. बघा ना!"

मी बघितलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मी कधी तिला सांगितलेलं नाही. पानं उलटत गेलो आम्ही दोघी. काट, काट, काट. तिच्याविषयी मला इतका विश्वास वाटला की मनात म्हटलं, फाईलवाली, तू उगाच घाबरलीस. अठ्ठावन्न ओळींवर काट होती. तीन राहिल्या. एक जिन्याचा कठडा, एक मोरीचा उतार.

तिसरी ओळ तिने बोटाने दाबून धरली. 'ति. म. पश्चिम, ठोकळे, रिपोर्ट यायचा.' काट नव्हती.

स्लॅब ओततात त्याच काँक्रीटचे ठोकळे करून प्रयोगशाळेत दाबून बघतात. ठोकळा किती दाब सोसतो त्यावरून स्लॅब आपल्या पायावर उभा राहील की नाही ते कळतं. तो रिपोर्ट आला नव्हता. आधीच्या एका गुरुवारी मीटिंगसाठी तिने बादली लावली होती, दुसऱ्या दिवशी तापाने अंथरूण धरलं, चार दिवसांनी उठून गेली तेव्हा दुसऱ्या नऊ भानगडी समोर होत्या.

ती खाली बसली. तिने काहीच कारण सांगितलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. तापाचं मीच सांगते आहे.

"मुकादमाने बादली बघून फोन केला असता," ती हळू आवाजात म्हणाली.

"केला असता."

"मी उद्या सकाळी जाऊन गुपचूप बदलते. तीनही. मग तुम्हाला काही लिहावं लागणार नाही."

खरं सांगते, मला मोह झाला. फोटो बदलायचा, मटार गोळा करायचे, चहा घ्यायचा. पण माझ्या डोळ्यांपुढे ते घड्याळ आलं आणि ती डाव्या पायाची चप्पल आली. त्या साइटवर कोणाची नणंद आहे मला माहीत नव्हतं. तिच्याकडे अशी वही आहे का, तेही माहीत नव्हतं.

"तुझ्या बदलशील," म्हटलं मी. "चपलेच्या कोण बदलणार?"

तिला चपलेचं सांगितलं. तिने वही मिटली. मग खाली वाकून एकेक मटार उचलायला लागली. मीही वाकले. टेबलाखाली आम्हा दोघींची डोकी आपटली आणि ती म्हणाली, "लिहा. पण उद्या मीटिंगला मी येणार. माझ्याविषयी माझ्या पाठीमागे काही बोलायचं नाही."

"तुझ्या पाठीमागे मी आजवर काय कमी बोलले?"

"ते घरातलं. हे कामाचं आहे," ती म्हणाली. 'अगं'वर मात्र ती अजून आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी तो परिच्छेद लिहिला. नऊ वेळा खोडला. शेवटी असा झाला: 'तपासणी बंद दिसली म्हणजे ती झाली असं समजू नका. जोडलेला फोटो उघडून बघा. त्यात त्या जागेचं काम किंवा त्या तपासणीचा कागद दिसत नसेल, दुसरीच वस्तू दिसत असेल, उदाहरणार्थ बादली, घड्याळ, चप्पल, तर तपासणी व्हायची आहे असं धरा. तिच्यावर अवलंबून असलेलं कोणतंही काम लावू नका. तपासनिसाला विचारा: प्रत्यक्ष पाहिलं का? उत्तर आणि खरा फोटो येईपर्यंत थांबा. बरेच चांगले तपासनीस वेळेअभावी असा फोटो लावतात आणि तपासणी नंतर करतात. म्हणून त्यांना दोष देऊ नका, फक्त विचारा.'

मोजपट्टीने शब्द मोजले नाहीत. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे एजंटाला कशाला हवं?"

"मला हवं आहे," म्हटलं मी. त्याने ठेवलं.

अकराला मीटिंग. प्रकल्पप्रमुख पडद्यावर न येता स्वतःच आले, आणि त्यांच्यामागून नणंद आली, हातात वही आणि, माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, ती निळी बादली. नऊ वर्षं झाली तरी फेकली नव्हती. तिने ती टेबलाच्या मधोमध ठेवली.

मी परिच्छेद वाचला. प्रकल्पप्रमुख भुवया उंचावून बादलीकडे बघत राहिले. "हे कोणी सुरू केलं?"

"मी," म्हटलं मी. "तुमच्याच कंपनीत, नऊ वर्षांपूर्वी. आकडा भिंतीवर लावायचे तेव्हा."

"आणि आता कोण करतं?"

"मी," नणंद म्हणाली. "एकसष्ट वेळा. अठ्ठावन्न तपासण्या झालेल्या आहेत, वहीत तारखा आहेत. तीन राहिल्या. त्यातली एक तिसऱ्या मजल्याच्या ठोकळ्यांची आहे. सकाळी प्रयोगशाळेला फोन केला. मी आजारी होते तेव्हा ठोकळे त्यांच्याकडे पोचलेच नव्हते, साइटवरच कोपऱ्यात पडून होते. आता पाठवले आहेत, सोमवारी दुपारी दाबणार. मुकादमाला सांगितलं आहे, मी म्हणेपर्यंत एक टेकू हलता कामा नये."

प्रकल्पप्रमुखांनी वही ओढली आणि पहिल्यापासून चाळली. भले गृहस्थ, पण चेहऱ्यावरून काही कळू देत नाहीत. शेवटी म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये कोणी काही बदलू नका. बादल्या आहेत तिथे राहू द्या. सोमवारी एजंट काय करतो ते मला बघायचं आहे." मग नणंदेकडे वळून, "पदाचं सहा महिन्यांनी बघू. तोपर्यंत टेकू काढायच्या कागदावर तुमच्या सहीबरोबर माझीही सही लागेल."

तिची मान ताठ होती. फक्त कान लाल झाले. तिच्या भावाचेही असेच होतात, म्हणून मला कळलं. मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिने बादली उचलली आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवार-रविवार मी घरात वस्तू इकडून तिकडे ठेवत होते. आमचे हे म्हणाले, "तुझा परिच्छेद चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल." माझ्या लिहिण्याची मला काळजी नव्हतीच. काळजी होती ती दोन गल्ल्यांपलीकडची, आणि तिकडून फोन येत नव्हता.

सोमवारी सात वाजताच मी ऑफिसात होते. मोजपट्टी माझ्या आधी आलेला. आठला एजंट सुरू झाला. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या: तपासण्या वाचतो आहे, फोटो उघडतो आहे. मग एक आदेश गेला, दुसरा गेला. तिसऱ्या मजल्याशी येऊन तो थांबला. मोजपट्टीने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

'तिसरा मजला, पश्चिम भाग. जोडलेल्या फोटोत निळी बादली आहे, काँक्रीटच्या ताकदीचा कागद नाही. सेंट्रिंग खोलण्याचं काम लावलेलं नाही. तपासनिसाला प्रश्न पाठवला: प्रत्यक्ष पाहिलं का?'

त्या दिवशीच्या कामांना ज्या तपासण्या लागत होत्या त्यांत नऊ ठिकाणी बादली होती. नऊ ठिकाणी त्याने तोच प्रश्न विचारला आणि नऊ ठिकाणी उत्तराची वाट बघत थांबला. मी ज्याच्यासाठी लिहिते त्या वाचकाने पहिल्यांदाच प्रश्न विचारला. मोजपट्टीने टाळी वाजवली. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले, डोळे पुसायचे होते.

मग दिवसभर एकेक उत्तर येत राहिलं. पाहिलं, आणि सोबत जोडांचा फोटो. पाहिलं, आणि पाइपच्या उताराचा. ती वही घेऊन मजले चढत-उतरत असणार, गुडघा दुखतो तरी. दुपारी चारपर्यंत आठ बादल्या गेल्या होत्या. एजंट प्रत्येक फोटो बघून ते ते काम लावत होता. तिसरा मजला तसाच.

चार वाजून पन्नास मिनिटांनी तिथेही कागदाचा फोटो आला. ठोकळे दाबल्याचा रिपोर्ट, खाली प्रयोगशाळेचा शिक्का. स्लॅबला हवी होती त्याच्या जेमतेम निम्मी ताकद. नणंदेने तपासणी 'नापास' केली होती आणि लिहिलं होतं, 'टेकू जागचे हलवू नयेत.' एजंटाने काम पुढे ढकललं आणि नळवाल्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. मी ती निम्मी ताकद पुन्हा पुन्हा वाचली. सकाळी आठला टेकू निघाले असते.

मोजपट्टीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. "मॅडम, ते शेवटचं वाक्य," तो म्हणाला, "दोष देऊ नका, फक्त विचारा. ते राहू दे. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी."

मी मान हलवली. पर्समध्ये सामान भरलं, पण उठले नाही. का बसून राहिले ते मला नीट माहीत होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. तीन दिवस तिचा आवाज ऐकला नव्हता. पद तिचं गेलं होतं, सहा महिन्यांसाठी का होईना, आणि ते माझ्या ओळीने गेलं होतं.

साडेपाचला फोन वाजला. मी कानाला लावला आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत पलीकडून तिचा दमलेला आवाज आला.

"उचलली गं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.